लकबींचे ऋतू

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, खाचरे भरली आणि ओहोळ शेतांना येऊन मिळाले, की त्या रात्री पालघर तालुक्यातल्या गावांत लवकर निजानीज होत नाही. बांधाबांधांवर बॅटऱ्या फिरू लागतात. नदीनाल्यांतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढून भातशेतात येतात, ते हे वलगणीचे मासे. दिवसा कडक इस्त्रीत दिसणारे हायस्कुलातले सर लेंगा मांडीपर्यंत खोचून, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन एका उताराशी उभे असतात. पलीकडच्या बांधावर त्यांच्याच वर्गातला पोरगा असतो. दोघेही एकमेकांना ओळख देत नाहीत, कारण मासा नेमका कुठून चढतो हे दोघांनाही ठाऊक असते आणि ती जागा दोघांनाही कुणाला सांगायची नसते. एवढ्यात कुणाचा तरी पाय चिखलात सरकतो, धप्पकन आवाज होतो आणि साऱ्या बॅटऱ्या एका दिशेला वळतात. पडलेल्याला उठवायला हात पुढे होतात आणि हसूही फुटते. आधी काय झाले, हे सांगता येऊ नये इतके ते एकदम होते. अंड्यांनी भरलेली ही मासळी धरू नये असे जाणकार सांगतात, आणि मला ते मनापासून पटते. नुसते बांधावर उभे राहिले तरी त्या रात्रीची मजा तसूभरही कमी होत नाही.

त्या पडण्यावरून मला आंरी बर्गसाँ आठवतो. या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर एक छोटे पुस्तक लिहिले, आणि त्यातले अगदी सुरुवातीचे उदाहरण असेच आहे: रस्त्यावर धावणारा माणूस ठेच लागून पडतो आणि पाहणारे हसतात. त्याचे म्हणणे असे की जिवंत माणसाने प्रसंग पाहून वळावे, थांबावे, सावरावे. तसे न करता तो यंत्रासारखा पुढे जात राहिला की हसू येते. तीच ती हालचाल, तेच ते वाक्य, अंगवळणी पडलेली लकब हे सारे त्याच्या लेखी सजीवावर चढलेले यंत्राचे पुट. हसताना काळीज क्षणभर बधिर व्हावे लागते, असेही तो सांगतो. कणव आली की हसू ओसरते. आणि हास्याचे काम काय, तर अशा ताठर माणसाला समाजाने दिलेली समज.

माणसांच्या बारीकसारीक हालचालींकडे इतक्या लक्षपूर्वक पाहणारे तत्त्वज्ञान मला दुसरे ठाऊक नाही, आणि त्या पुस्तकाबद्दल मला फार आदर आहे. तरी या पट्ट्यात राहून त्याच्याशी वाद घालावासा वाटतो. बांधावरचा माणूस पडतो तेव्हा कुणाचेच काळीज बधिर नसते. शिवाय हा वाद घालायला बोईसर-तारापूरइतकी योग्य जागा सापडणार नाही, कारण यंत्राची पुनरावृत्ती आणि ऋतूची पुनरावृत्ती इथे एकमेकींना खेटून नांदतात.

तारापूरच्या अणुवीज केंद्राने २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. देशातले हे अशा तऱ्हेचे पहिले केंद्र. पुढे बोईसरला लागून औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड, पोलाद असे सगळे कारखाने आले आणि गावाच्या अंगी पाळ्यांचे घड्याळ बसले. सकाळचे सात, दुपारचे तीन, रात्रीचे अकरा. या घड्याळाला मृग ठाऊक नाही आणि दिवाळीही ठाऊक नाही. बर्गसाँचे यंत्र पाहायचे तर ते इथे आहे. पण रात्रपाळी संपवून टपरीवर चहाचा ग्लास यंत्रवत उचलणाऱ्या माणसाकडे पाहून कुणाला हसू आलेले मी पाहिलेले नाही. हसू येते ते तो पाळीतून सुटून स्वतःचा होतो तेव्हा. कंपनीच्या बसमधून उतरलेले एक गृहस्थ भाजीवालीसमोर उकिडवे बसतात आणि कोथिंबिरीची एकेक जुडी नाकाशी धरतात. पहिली, दुसरी, तिसरी, मग परत पहिली. भाजीवाली शांतपणे म्हणते, "भाऊ, रोज सगळ्या हुंगता आणि रोज पहिलीच नेता." आजूबाजूची गिऱ्हाइके हसतात, तेही हसतात आणि पहिली जुडी पिशवीत टाकतात. हीदेखील पुनरावृत्तीच. मात्र पाळीची पुनरावृत्ती त्यांना कुणीतरी दिलेली आहे. कोथिंबिरीची त्यांची स्वतःची आहे.

पुनरावृत्ती झाली म्हणजे यंत्र आले, हे समीकरण मला मान्य नाही ते यासाठी. पाऊस दरसाल येतो आणि त्याच्याइतके जिवंत दुसरे काय असते? आमच्या लोकांनी तर पावसालाही स्वभाव दिले. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. मघांचा सासूचा आणि पूर्वांचा सुनेचा. जुलैच्या सुरुवातीचा धसमुसळा पाऊस आणि त्यामागून येणारी धिमी, न संपणारी पिरपिर ज्याने पाहिली आहे त्याला यात काही समजावून सांगावे लागत नाही. पंचांगाने याहून पुढची मजल मारली आहे. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला त्या त्या वर्षी एक वाहन ठरते आणि ते गणिताने निघते: सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊंनी भागायचे, उरेल त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले तर पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर ओढ. यंदाची आर्द्रा गाढवावर बसून येणार की म्हशीवर, याची चर्चा ओटीवर अगदी गंभीर चेहऱ्याने चालते, आणि त्या गंभीर चेहऱ्यांच्या आत कुठेतरी डोळे लुकलुकत असतात. आवणीची सगळी भिस्त ज्याच्यावर, कर्जाची फेड ज्याच्यावर, त्या पावसाला गाढवावर बसवण्याचे धैर्य त्याच्याशी शेकडो वर्षांची ओळख असलेल्यांनाच होते. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहिताना महिन्यामहिन्याची झाडे, ढग आणि पाखरे ज्या मायेने न्याहाळली तीच माया या नऊ वाहनांत आहे, फक्त इथे ती हसते.

पावसाला माणसाचे स्वभाव देता येत असतील, तर माणसाच्या लकबीला ऋतू म्हणायला काय हरकत आहे? ठरल्या वेळी येते, थोडी मागेपुढे होते, कधी दडी मारते, आणि आली नाही की चुकल्यासारखे वाटते.

सातपाटीला हे दरवर्षी घडते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चालू असते, आणि एरवी दिवसचे दिवस दर्यावर असणारा माणूस सलग दोन महिने घरात असतो. त्याच्या लकबी तेव्हा उघड्यावर येतात. समुद्रावर सुटी वस्तू म्हणजे धोका, म्हणून हात लागेल ते बांधून ठेवायची त्याला सवय. मग गॅसची टाकी खिळ्याला बांधली जाते, छत्री दाराला, डब्याचे झाकण डब्याला, आणि गाठ अशी की सोडवायला त्यालाच हाक मारावी लागते. घरातली बाई शेजारणीला सांगते, "होडी ओढून ठेवली, तांडेल अजून दर्यातच हाय." ऑगस्टात बंदी उठते, नारळ वाहिला जातो, होड्या जातात. दाराला बांधलेली छत्री मात्र तशीच राहते. ती गाठ सोडायची घाई कुणी करत नाही. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि पापलेट म्हटले की सातपाटीचे नाव ओठावर येते. पण त्या पापलेटाच्या मागे घराघरांत अशा किती गाठी आहेत, हे बाजारात कळत नाही.

दर्यावर जाणाऱ्यांचे हे दोन महिने, तर रोज मुंबईला अप-डाऊन करणाऱ्यांचे बारा महिने. १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली. विरार ते डहाणू रोड ६४ किलोमीटर आणि मोजून नऊ स्थानके. विरारच्या अलीकडे एक गाडी गेली तर मागून दुसरी येतेच. पलीकडे एक हुकली की फलाटावर बराच वेळ उभे राहायचे. त्यामुळे इथला माणूस गाडी बदलत नाही, डबा बदलत नाही, जमेल तोवर दारही बदलत नाही. वर्षानुवर्षे तीच माणसे शेजारी असली की त्यांचे ऋतू पाठ होतात. कोण वाणगाव यायच्या आधी पेंगतो, कोण पाऊस नसताना छत्री एकदा उघडून मिटून पाहतो, भजनात कोण तिसऱ्या अभंगाला टाळ विसरतो.

सफाळ्याला चढणारे एक काका होते. वैतरणेचा पूल लागला की त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशावर जाई, मग पँटच्या मागच्या खिशावर, मग बॅगेची चेन उघडून आत, आणि बोटांना पास लागला की ते स्वतःशीच म्हणत, "आहे." फार हळू म्हणत, पण डब्याला ते ऐकू येई. बोलणी चालू असली तर त्या शब्दापुरती थांबत. कुणी त्यांना यावरून छेडले नाही आणि हे सोडून द्या असेही सुचवले नाही. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी डब्यात पेढे वाटले गेले, शाल झाली, दोन शब्द झाले. मग पूल आला. आधी कुणी काही ठरवले होते की नाही मला माहीत नाही, पण आम्ही सगळ्यांनी एकदम खिसे चाचपले, शर्टाचा, मग मागचा, मग बॅगेची चेन, आणि पुलाच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणालो, "आहे!" काका इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. चष्मा काढून डोळे पुसले, चष्मा घातला, आणि मग त्यांचा हात सावकाश शर्टाच्या खिशाकडे गेला. त्यांचा पास अजून तपासायचा राहिला होता.

बर्गसाँच्या हिशेबाने ही नक्कल म्हणजे समज देणे ठरेल. त्या डब्यात काकांना सुधारावे असे कुणाच्या मनात होते? त्यांची सवय सुटली असती तर सर्वांत जास्त दुःख आम्हालाच झाले असते. याच रेल्वेमार्गावर पुढे बडोदे आहे. तिथे चिं. वि. जोशी पाली भाषा शिकवत आणि चिमणराव लिहीत. बौद्ध वाङ्मयाचा हा गाढा अभ्यासक. पण त्याचा चिमणराव कितीही फजिती झाली तरी शहाणा होत नाही, आणि तो शहाणा व्हावा असे एकाही मराठी वाचकाला कधी वाटलेले नाही.

भरताकडे गेले की या गोष्टीला आधार मिळतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात त्याने हास्य हे शृंगारातून उपजते असे सांगितले आहे: शृंगाराची अनुकृती ते हास्य. अभिनवगुप्ताने पुढे ही कल्पना रुंदावली आणि कुठल्याही रसाचा आभास हास्याला जन्म देऊ शकतो असे मांडले. मला मूळचे सूत्रच अधिक जवळचे वाटते. जिथे प्रेम आहे तिथे त्याची नक्कल करावीशी वाटते, आणि ती नक्कल म्हणजे हसू. पुलावरच्या त्या सकाळी मला भरत समजला, ग्रंथालयात समजला होता त्याहून नीट. भरत हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असेही दोन भाग करतो, एक स्वतः हसणे आणि दुसरे दुसऱ्याला हसवणे. काका हसले ते यांपैकी कशात बसवायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एका ठिकाणी मात्र मी भरतापासून दूर होतो. त्याने हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि त्यांची प्रतवारी लावली: स्मित आणि हसित उत्तम माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. उत्तम माणसाचे दात फार तर किंचित दिसायचे. रंगभूमीवर पात्रांची पायरी दाखवायला ही सोय असेल, पण माणसांची किंमत त्यावरून करायची नसते. चिखलात बसकण मारून पोट धरून हसणाऱ्या आवणीच्या बायका मी पाहिल्या आहेत. कंबर मोडेपर्यंत वाकून रोपे लावायची, वरून पाऊस, पाठीवर इरले, आणि मध्येच एकीच्या इरल्यात वारा शिरून ते उलटे होते. त्या हसण्याला अधम म्हणण्याची माझी तयारी नाही.

भरताने प्रत्येक रसाला रंग दिला आणि हास्याला पांढरा दिला. संस्कृत कवींनी तो संकेत इमानाने पाळला. कालिदासाला बर्फाच्छादित कैलास दिसला तो शंकराच्या रोजच्या अट्टहासाची रास होऊन. हा पांढरा रंग मला वारली भिंतीवर भेटतो. कुडाच्या, शेणाने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, बाकी रंग नाही. लग्नघरात सवासिनी चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी बसवतात. हे धर्मकृत्यच, त्यात चेष्टा नाही. पण चौकाच्या बाहेर जी सृष्टी पसरते तिच्यात शिंदीच्या झाडावर चढलेला एक जण असतो, खाली वर पाहत तोंड उघडून बसलेला दुसरा, कोंबडीमागे लागलेले कुत्रे, आणि तारप्याच्या वेढ्यात पाऊल चुकलेला कुणीतरी. वारली माणसाचे शरीर म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. त्या टोकावर सारा तोल, त्यामुळे प्रत्येक आकृती आता नाचेल किंवा आता पडेल अशीच उभी असते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही रेघ कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या मासे पकडण्याच्या जाळ्याच्या चित्रांपुढे मी तासन्‌तास थांबू शकतो. जाळ्याची एकेक बारीक गाठ रेघेत उतरली आहे, आणि त्या सगळ्या खटाटोपाच्या एका टोकाला माणूस एवढासा.

माणसाला त्याच्या लकबींसकट पाहणे हे काम किती मोठे होऊ शकते ते कोसबाडच्या टेकडीवर दिसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले शाळेत येत ना, कारण त्यांना गुरे राखायची असत. या दोघींनी मग शाळाच गुरांमागे नेली. कुरणशाळा. गुरे पुढे, पोरे मागे, त्यांच्यामागे मास्तर, आणि बैल उधळला की धडा तिथेच थांबायचा. शिक्षणखात्याच्या कुठल्याही चौकटीत हे दृश्य हास्यास्पद ठरले असते. मुलाला बदलण्याआधी त्याचा दिवस कसा जातो ते पाहावे, मुलाच्या वेळापत्रकाला शाळेने जुळवून घ्यावे, हे त्यांना सुचले, कारण त्यांनी मुलांच्या तऱ्हा रागावण्याच्या नजरेने पाहिल्याच नव्हत्या. अंगणवाडीही याच प्रयोगांतून आली.

जिथे ही ओळख नाही तिथे विनोद करू नये, असे मला कळकळीने वाटते. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. आपली विहीर, आपली वाडी, आपला किनारा सोडून आलेल्या माणसाच्या सवयी जुन्या घराच्या असतात. नव्या घरात तो नसलेल्या पायरीवर पाय टाकतो. डहाणू-तलासरीत २०१८च्या नोव्हेंबरापासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा थंडीत लोक घराबाहेर झोपले. भांडे वाजले तरी दचकून उठण्याची सवय त्या काळात लागली. यावर हसायचा हक्क त्यांचाच आहे. त्यांनी तो बजावलाही असेल, आपापसात, आपल्या अंगणात. दुरून आलेल्याने तिथे ऐकावे आणि गप्प राहावे.

जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतरच्या महिन्यांत बोहाडे होतात. रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक सोंग निघते: गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, जगदंबा. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, जड, रंगवलेले. पुष्कळदा एखाद्या सोंगाचा मान त्याच घराकडे असतो. मुखवटा चढला की तो माणूस राहत नाही, देव होतो. लोक हात जोडतात, बायका ओवाळतात. अशाच एका रात्री दहा तोंडांचा रावण डुलत डुलत आला. चेहरा लाकडाचा, अंगावर भरजरी कपडे, ओळखायला काही जागाच नव्हती. पण त्याचा डावा पाय किंचित बाहेर पडत होता. माझ्या पुढे बसलेल्या पोरीने आईला कोपराने ढोसले, "आये, बाबा." मग ते कुजबुजत पुढे गेले, रांगेरांगेतून हसू पसरले, आणि ज्या हातांनी नमस्कार केला होता तेच हात तोंडावर गेले. रावणाने ते ऐकले असणार. संबळाच्या पुढच्या आवर्तनाला त्याने तोच डावा पाय मुद्दाम आणखी बाहेर टाकला आणि दहाही तोंडे पोरीकडे वळवली.